गोदाबाईंनी ऐकलेली कादंबरी

वरूडच्या बाजारामागे जे सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे येणाऱ्या बायका पुस्तक नावानं मागत नसत, चवीनं मागत. "काही रडवणारं द्या, पण शेवटी सगळे भेटले पाहिजेत," कुणी म्हणे. कुणाला "ज्यात सैपाकघर येत नाही असं" हवं असे. नईमा अशा मागण्यांना हसत नसे. समोरच्या बाईकडे ती जरा वेळ पाही, मग उठून कपाटांच्या मधल्या बोळात शिरे आणि बहुतेक वेळा जे हवं तेच घेऊन बाहेर येई.

ही नजर तिला माहेरून आली होती. अकोल्याच्या जुन्या शहरात तिचे वडील, हुसेनभाई, पुस्तकबांधणीचं काम करत. उर्दू, मराठी, जे येईल ते. शिवायच्या आधी सुट्या कागदांचे गठ्ठे घरभर पसरलेले असत आणि नईमा त्यातूनच वाचायला शिकली. कधी मधला भाग आधी, कधी शेवट आधी. लग्न होऊन ती वरूडला आली. नवरा संत्र्याच्या आडतीवर होता. वाचनालयात बाई हवी होती, हिला पुस्तकं हवी होती, तसं ते जमून गेलं.

शाळेतल्या दोन पोरी दर शनिवारी यायच्या. रेवती आणि दामिनी. सभासद दोघींपैकी एकटी दामिनी होती, पण पुस्तक दोघी मिळून निवडायच्या आणि घरी न्यायच्या आधी अर्धं तिथंच, वाचनालयाच्या पायरीवर बसून संपवायच्या. एकच पुस्तक, दोन डोकी. रेवती भरभर वाचे आणि पान संपलं की बोट पानाच्या कोपऱ्याखाली घालून थांबे. दामिनी सावकाश वाचे.

"झालं का?"

"थांब ना."

"लय टाइम लावतं तू. तिथं तो वाघ मेला बी असंल आतापर्यंत."

"मंग मेला असंल तर घाई कायची आहे?" दामिनी म्हणे, आणि रेवती हसून भिंतीला डोकं टेके.

एका शनिवारी रेवती टेबलापाशी येऊन उभी राहिली. बारीक, काळीसावळी, वेण्या कानावर वळवून बांधलेल्या. "ताई, पोट्ट्यायच्या दोस्तीच्या गोष्टी लय वाचल्या आमी. ते पोट्टे किल्ल्यावर जातात, चोर धरतात. दोन पोरीयच्या दोस्तीचं नाही का काही?"

नईमाला लगेच एक कादंबरी आठवली. मळकट निळ्या पुठ्ठ्याची, वाचनालयात त्या लेखिकेचं ते एवढंच पुस्तक होतं. नदीकाठच्या गावातल्या इंदू आणि कुमुद नावाच्या दोन मुलींची गोष्ट. पोरवयापासून पार केस पिकेपर्यंत. नईमानं ती स्वतः लग्नाआधी वाचली होती आणि दोन दिवस घरात कुणाशी धड बोलली नव्हती. कुमुदचं लवकर लग्न होतं, ती दूर जाते, आणि ती तिकडेच वारल्याचं इंदूला कळतं तेही फार उशिरा, बांगड्या विकणाऱ्या बाईच्या बोलण्यातून, सहज. एवढ्याशा पोरींना हे कशाला, असं नईमाला वाटलं.

"हाये एक," ती म्हणाली. "पण दहावी झाल्यावर देईन."

"आताच द्या ना."

"दहावी होऊ दे."

रेवती नाराज झाली नाही. "पक्कं?" एवढं विचारून तिनं दुसरंच कसलं तरी पुस्तक उचललं.

त्या वर्षांत वरूडच्या आसपासच्या विहिरी आटल्या होत्या. बोअर कितीही खोल नेलं तरी नुसती धूळ वर येई. संत्र्याची उभी झाडं वाळत होती आणि लोक ती तोडून जळणाला घालत होते. ज्यांच्या बागा गेल्या ते, ज्यांच्या उरल्या त्यांच्याकडे संत्र्याच्या तोडीला जाऊ लागले. रेवतीच्या वडिलांची, नत्थुजींची, बाग मागल्याच उन्हाळ्यात गेली होती. तेव्हापासून रेवतीची आई गोदाबाई रोज आणि रेवती रविवारी तोडीला जात. दामिनीच्या घरी थोडं पाणी होतं, म्हणून ती घरीच असे.

अशाच एका रविवारी संध्याकाळी तोडीहून परतणारी गाडी वळणावर उलटली. मागे संत्र्याच्या क्रेट होत्या आणि क्रेटवर बाया-पोरी बसल्या होत्या. बाकीच्यांना लागलं, मोडलं, पण सगळ्या वाचल्या. रेवती गेली. गोदाबाई त्या दिवशी दुसऱ्या बागेत होती.

नईमा मयतीला गेली नाही. कळेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. पुढचे काही शनिवार पायरी रिकामीच राहिली. नईमा येता-जाता तिकडे पाहायची आणि आपण पाहतो आहोत हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून झाडू हातात घ्यायची.

मग एके दिवशी दामिनी आली. पायरीवर न बसता थेट आत येऊन वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाशी बसली. समोर पेपर होता, पण पान उलटत नव्हतं. पुढच्या शनिवारीही तसंच. तिची आई माणिकबाई बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "रडत नाही जी पोरगी. लोकायच्या पोरी रडून मोकळ्या झाल्या. हे बसते नुसती. शाळेत जाते, येते, जेवते, पण घरात असल्यासारखी वाटत नाही."

नईमानं पुष्कळ विचार केला. हसवणारं काही द्यावं, प्रवासाचं द्यावं, असंही मनात आलं. पण ती जेव्हा जेव्हा कपाटांच्या बोळात शिरे तेव्हा हात त्या निळ्या पुठ्ठ्यावरच जाऊन थांबे. शेवटी तिनं ते काढलं आणि दामिनीसमोर ठेवलं.

"हे तेच आहे. रेवतीनं मागितलं होतं ते."

दामिनीनं पुस्तकाकडे पाहिलं, हात लावला नाही. "आमची दहावी नाही झाली."

"माहीत आहे मले." नईमानं पुस्तक थोडं तिच्याकडे सरकवलं. "रडवणारं आहे, दामिनी. मी खोटं नाही सांगत. नाही वाचावंसं वाटलं तर परत आणून दे. पण चांगलं आहे. खरं आहे."

दामिनी ते पुस्तक छातीशी धरून निघून गेली.

बुधवारी माणिकबाई आली. पुस्तक तिनं टेबलावर आपटलं नाही, ठेवलंच.

"काय देल्लं ताई तुमी माह्या पोरीले? दोन दिवस झाले उठत नाही. उशी भिजून गेली. जेवाले बसली का घास हातात धरून रडते. असं पुस्तक देतेत का, ज्या पोरीचं असं झालं तिले?"

"माणिकबाई, मले वाटलं..."

"तुमाले वाटलं. तुमी पुस्तकवाल्या. घरी सांभाळा लागते आमाले."

माणिकबाई दारापर्यंत गेली, तिथं क्षणभर थांबली, काहीतरी आणखी बोलायचं होतं तिला, पण बोलली नाही. ती गेल्यावर नईमानं ते पुस्तक कपाटात जागेवर न लावता टेबलाच्या खणात टाकलं. घरी जाऊन तिनं स्वयंपाक केला, नवऱ्याला वाढलं, आणि तो जेवताना मधेच म्हणाली, "आपण समजतो आपल्याला कळतं कुणाला काय द्यायचं. काही कळत नाही." त्याला संदर्भ माहीत नव्हता. त्यानं फक्त पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

पुढच्या आठवड्यात, वाचनालय बंद करायच्या वेळी, भर दुपारी, एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. चपला तिनं पायरीच्याही खाली काढल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. आत यावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. नईमानं ओळखलं नाही. पण बाईनं मान वर केली आणि तेच बारीक तोंड, तेच कपाळ दिसलं, तेव्हा ती खुर्चीवरून उठली.

"मी रेवतीची माय," गोदाबाई म्हणाली.

"या ना. बसा."

ती खुर्चीवर बसली नाही, भिंतीला टेकून खाली बसली. नईमाही तिच्यासमोर खाली बसली.

"दामिनी एक पुस्तक वाचून लय रडली म्हणतात. गावात सांगून राहिले लोक." गोदाबाईनं घसा साफ केला. "माह्या रेवतीचं हाये का त्याच्यात?"

"नाही, गोदाबाई. दुसऱ्याच दोन पोरी आहेत. लय जुन्या काळच्या. लिहिणारी बाईही इकडची नाही."

"मंग दामिनी काहून रडली?"

"त्या दोघी मैत्रिणी असतात म्हणून."

गोदाबाई पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "मले वाचता येत नाही. तुमी वाचून दाखवसान का?"

नईमाला माणिकबाईचं बोलणं आठवलं. "कशाले त्रास करून घेता? त्यात एकजण जाते. ऐकवणार नाही तुमाले."

"गेलीच हाये ना," गोदाबाई शांतपणे म्हणाली. "हे पाहा ताई. पोरगी जन्मापासून माह्या घरात होती. सकाळी उठून पाणी भरे, शाळेत जाये, रविवारी तोडीले जाये. घरी आली का चूप. जे बोले ते दामिनीपाशी. दोघीजणी बसत आमच्या ढोरायच्या कोठ्यामागं, आणि बोलत, बोलत... मी म्हणो, काय एवढं बोलता गं? तर हसत. ते काय बोले हे मले मालूमच नाही. पोरी-पोरीयमध्ये काय बोलतेत, हे तरी समजंल ना त्या पुस्तकातून."

नईमानं खण उघडला.

वाचनालय दुपारी बंद असे. दार लोटून घ्यायचं, एक खिडकी उघडी ठेवायची आणि त्या उजेडात वाचायचं, असं सुरू झालं. उन्हाळा लागला होता, शेतात काम नव्हतं. गोदाबाई चिंचा फोडायला आणी. वाणी घरोघर फोडायला देत. मांडीवर फडकं, त्यावर चिंचा. नईमा वाचे आणि ती चिंचोके काढी. पहिल्या दिवशी तिचं लक्ष आहे की नाही हेच समजेना, म्हणून नईमा मधेच थांबली. गोदाबाई मान वर न करता म्हणाली, "मंग कुमुद नदीत उतरली का?"

पुस्तकातली मराठी तिला कधी अडे. नईमा मग तेच वाक्य वऱ्हाडीत सांगे. हळूहळू ती आपणहून तसंच वाचू लागली, आणि इंदू-कुमुद वरूडच्या असल्यासारख्या बोलू लागल्या. गोदाबाईला कुमुद आवडली. इंदू आवडली नाही. रडकी आहे म्हणाली. दोघी चोरून बोरं खातात तिथं ती जराशी हसली, आणि हसताना तिनं पदर तोंडाला लावला.

पण एका दुपारी तिचे हात थांबले.

"ताई, ह्या कुमुदची माय कुठी असते?"

"घरात असते की."

"ते नाही म्हणत. पुस्तकात कुठी असते? मी कधीची ऐकून राहिली. एकदा आतून हाक मारते, भांडे घास म्हणून. मंग एकदा, पाणी आण म्हणून. तोंड नाही दिसत तिचं."

नईमानं पानं उलटून पाहिली. खरंच होतं. पूर्वी वाचूनही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. कुमुदची आई म्हणजे स्वयंपाकघरातून येणारा आवाज, बस.

"मी बी तशीच होती का?" गोदाबाईनं विचारलं. तिला नईमाकडून उत्तर नको होतं. चिंचेचा चिकट हात फडक्याला पुसत ती म्हणाली, "दामिनीले आणसान का इथं?"

हे काम नईमाला जड वाटलं. ती माणिकबाईकडे गेली तेव्हा दारातच बोलणं होईल, आत बोलावणार नाहीत, अशी तिची तयारी होती. माणिकबाई ओसरीत डाळ निवडत होती. ऐकून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मी तुमाले त्या दिवशी बोलली."

"बरोबरच बोललात."

"नाही. बोलली त बोलली. पण थे रडल्यापासून दामिनी झोपते तरी. आधी डोळे उघडे ठेवून पडे." तिनं मान दुसरीकडे वळवली. "हे सांगाचं होतं त्या दिवशीच, पण तोंडातून नाही निंगालं. गोदाबाईले नाही कसं म्हनू मी? माही पोरगी घरी हाये."

दुसऱ्या दिवशी तिघी जमल्या, चौथी नईमा. दामिनी आईच्या मागे मागे आत आली. गोदाबाईला पाहून तिनं खाली वाकून नमस्कार केला आणि तशीच तिच्यापासून हातभर अंतरावर बसली. रेवती गेल्यापासून ती त्या घरी गेली नव्हती. गोदाबाईनं तिला त्याबद्दल काही विचारलं नाही. चिंचांचा ढीग दोघींच्या मधे सरकवला. दामिनीही फोडू लागली.

थोड्या वेळानं गोदाबाई म्हणाली, "माह्याबद्दल काय बोले ते?"

दामिनीनं आईकडे पाहिलं.

"सांग," माणिकबाई म्हणाली.

"तुमची नक्कल करे," दामिनी म्हणाली.

"माही?"

"तुमी कोंबड्यायले बोलता ना. सकाळी. ह्या कोंबडीनं काल अंडं नाही देल्लं, तिले टोमणे मारता. ते तसंच्या तसं करे. कमरेवर हात ठेवून." दामिनीचा आवाज बारीक झाला होता, पण थांबत नव्हता. "आणि म्हणे, माही माय झोपेत बी संत्रे मोजते. बोटं हालतेत तिचे."

गोदाबाई ऐकत होती. तोंडावर हसू आलं आणि तिथंच राहिलं, काय करावं हे न कळल्यासारखं.

"आणखी?"

"तुमी भाकर देतांनी पहिली तिले देत होत्या, आणि करपेल सोताले घेत होत्या. ते म्हणे, मले सगळं दिसते, पण मायले वाटते मले नाही दिसत."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकल टेकवली आणि दार बंद पाहून निघून गेलं. गोदाबाईनं एक चिंच हातात धरली होती, ती फोडली नाही.

"तोडीचं काय म्हणे? आवडे का तिले जायले?"

नईमाला वाटलं, पोरीनं आता खोटं बोलावं. आवडे म्हणावं. झाडावर चढायला मिळे, मजा येई, असं काहीतरी म्हणावं. तिनं दामिनीकडे पाहिलंही. पण दामिनी तिच्याकडे पाहत नव्हती.

"नाही आवडे," दामिनी म्हणाली. "काट्यायनं हात सोलत. सोमवारी शाळेत पेन धरता नाही ये. मी लिहून द्यो तिच्या वहीत."

"मले नाही सांगतलं."

"मी म्हटलं होतं, सांग म्हणून. थे म्हणे, सांगून काय होईल? माय म्हणंल तू नको येऊ. आणि मंग माह्या वाट्याचं काम बी मायच करंल, दोन-दोन झाडायचे संत्रे जास्त तोडून."

माणिकबाई पदर डोळ्यांना लावून बसली होती. गोदाबाई मात्र रडली नाही. ती हळूहळू पुढे-मागे हालत होती, लेकरू मांडीवर असल्यासारखी, आणि मग तिनं दामिनीचा हात घेतला, उलटा केला, तळहाताकडे पाहिलं. चिंचेनं तो काळपट झाला होता.

"बरं केलं सांगतलं," ती म्हणाली. "आता तुमी वाचा, ताई."

नईमानं वाचायला घेतलं. ज्या पानावर बांगड्यांची बाई कुमुदची बातमी सांगते ते पान आलं तेव्हा दामिनीनं "पुढचं मी वाचते" म्हणून पुस्तक आपल्याकडे घेतलं आणि सावकाश, एकेक शब्द उचलत, शेवटपर्यंत वाचलं.

संपल्यावर गोदाबाई म्हणाली, "चांगलं लिहिलं बाईनं. तिची कोनी गेली असंल."

मिरगाच्या आधीच नत्थुजी आणि गोदाबाई अकोल्याला गेले. वाळलेली झाडं काढून झाली होती, जमीन तशीच पडली होती. जुन्या शहरात, नईमाच्या माहेराहून फार लांब नाही अशा बोळीत त्यांनी खोली घेतली. गोदाबाई डाळमिलमध्ये लागली. नईमा माहेरी गेली की चक्कर टाकायची. गोदाबाई चहा करी, डाळीचा बारीक भुसा तिच्या भुवयांवर असे, आणि ती दर वेळी दामिनीचं विचारी. दहावी झाली? बारावीला बसली का? नईमा सांगे. पास झाल्याचं सांगितलं तेव्हा गोदाबाई उठून आत गेली आणि बऱ्याच वेळानं साखर घेऊन आली.

दामिनीला पुढे शिकायचं होतं. पण पाऊस पुन्हा गेला, तिच्या घरच्याही बोअरला पाणी राहिलं नाही, आणि परतवाड्याकडचं स्थळ आलं. मुलगा बरा होता. माणिकबाईनं नईमाला येऊन सांगितलं तेव्हा ती आनंदात होती की नव्हती हे तिलाच माहीत नव्हतं. पत्रिका घेऊन दामिनी स्वतः अकोल्याला गेली होती, गोदाबाईकडे.

लग्नाला गोदाबाई आली. एकटीच, नत्थुजींच्यानं येववलं नाही. मांडवाच्या मागच्या कडेला ती बसली होती. गावातल्या बाया तिला पाहून जरा गप्प होत, मग उगाच जास्त बोलू लागत. दामिनीच्या वयाच्या पोरी नव्या साड्यांमध्ये धावपळ करत होत्या. अक्षता वाटायला आल्या तेव्हा माणिकबाई गर्दीतून वाट काढत मागे आली आणि गोदाबाईला हाताला धरून पुढे घेऊन गेली, आपल्या शेजारी उभं केलं. अक्षता पडल्या. गोदाबाईनं टाकलेल्या अक्षता फार जवळ, तिच्या स्वतःच्याच पायाशी पडल्या.

जेवण झाल्यावर ती निघाली. सकाळी मिलमध्ये हजर राहायचं होतं. नईमा तिच्यासोबत स्टँडवर गेली. अकोल्याची गाडी लागलेली होती, पण ड्रायव्हर चहा पीत होता.

"दामिनी काय म्हणाली?" नईमानं विचारलं. मांडवात दोघी क्षणभर बोलताना तिनं पाहिलं होतं.

"काही नाही. म्हणे, काकू, तिकडं मले कोनी ओळखत नाही." गोदाबाईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी म्हटलं, ओळखतील. दुसरं काय सांगू? मी बी अकोल्यात कोनाले ओळखत नव्हती."

कंडक्टरनं घंटी वाजवली. गोदाबाई चढली, खिडकीशी बसली.

"ताई, आज मले रडू नाही आलं," ती खिडकीतून म्हणाली. "लोकं पाहून राहिले होते. रडा लागत होतं का?"

"नाही," नईमा म्हणाली. "नाही आलं तरी चालते."

गाडी हलली, स्टँडच्या फाटकातून वळली आणि बाजाराच्या गर्दीत शिरली. नईमा थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग भराभर मांडवाकडे चालू लागली. पोरीची बिदाई व्हायची होती, आणि निघायच्या आधी मी दिसेन तुला, असं तिनं दामिनीला कबूल केलं होतं.